एमएम ५४०चे हीटर प्लग: काम कुठवर आलं

मंडळी, माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या थंडीतल्या स्टार्टिंगचं काम आता बरंचसं मार्गी लागलंय. गाडी निफाडला असते. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येणं नवीन नाही, आणि अशा पहाटे ती सेल्फवर नुसती फिरत राहायची. सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा वास. हा धूर दिसला की अर्धं निदान झालं समजा: डिझेल आत पोचतंय, पेटत मात्र नाही. धूरच नसता तर आधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा शोधली असती.

इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. महिंद्राने १९७९मध्ये त्याचा परवाना घेतला. यात नोझल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या छोट्या गोल चेंबरमध्ये फवारतं. चिंचोळ्या वाटेने आत घुसलेली हवा तिथे गरगर फिरते आणि मिश्रण झकास होतं. पण तेवढ्याशा हवेला चहूबाजूंनी थंडगार धातू लागतो. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) २२ धरून हिशेब केला. पाच अंशांची हवा, जरासुद्धा उष्णता न गमावता दाबली गेली, तर ६८० अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात गार बॅटरीवर सेल्फ सावकाश फिरतो, रिंगांमधून हवा निसटते, भिंती उष्णता खातात, आणि हाती जेमतेम निम्मं उरतं. डिझेल अडीचशे अंशांच्या मागेपुढे आपोआप पेट घेतं हे खरं, पण वेळ मिळाला तर. इथे मिळतात काही मिलिसेकंद, आणि तेवढ्यात पेटायला बरीच जास्त उष्णता लागते.

ही तूट हीटर प्लग, म्हणजे प्रत्येक चेंबरमध्ये बसवलेली विजेवर तापणारी कांडी, भरून काढतो. तो सगळी हवा तापवत बसत नाही. त्याचं टोक आठ-नऊशे अंशांपर्यंत लालभडक होतं, फवाऱ्याची कड त्याच्या जवळून जाते, तिथे पेट घेते आणि ज्योत पुढे पसरते. म्हणजे सगळा खेळ टोकाचा आहे.

म्हणूनच मला प्लगमधून करंट जातो का हे दाखवणाऱ्या नुसत्या टेस्ट लॅम्पची तपासणी पुरेशी वाटत नाही. लॅम्प लागला म्हणजे आतली तार तुटलेली नाही, इतकंच कळतं. इंजिन कोमट असताना चारही प्लग सोडवले, एकेक व्हाइसमध्ये धरून बॅटरीवर लावला. चांगल्या प्लगचं टोक आधी लाल होतं आणि लाली हळूहळू वर सरकते. एक मेलेलाच होता. एकाची लाली मधोमध, बुडख्याजवळ आली आणि टोक शेवटपर्यंत काळंच राहिलं. लॅम्पवर हा प्लग पास झाला होता!

नवे प्लग बसवले तरी खरा चोर वेगळाच निघाला. प्लग चालू असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट, आणि प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर फक्त ९.५. चार प्लग मिळून ४०-५० अँपिअर ओढतात, आणि आधीच्या मालकाने तो सगळा करंट बारीक वायरने चावीच्या स्विचमधून नेला होता. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ९.५ व्होल्टवर ती ६० टक्क्यांवर येते. आता बॅटरीजवळ रिले (चावीच्या छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), तिथून पट्टीपर्यंत जाड केबल, आणि इंजिनची अर्थची पट्टी घासून पुन्हा आवळली. पट्टीवर ११.६ मिळतात. काल पहाटे हीटर धरला, सेल्फ मारला, दोन फेऱ्यांत इंजिन धरलं. फार बरं वाटलं. माझं स्पष्ट मत: नवे प्लग आणण्याआधी पट्टीवरचं व्होल्टेज मोजा.

स्टार्टिंग स्प्रे मारायचा सल्लाही मिळाला होता. हीटर प्लगच्या इंजिनावर तो कृपया मारू नका. ईथर लाल टोकाशी अवेळी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगा फुटू शकतात.

नोझलं अजून उतरवलेली नाहीत. गळकं नोझल प्लगचं टोक जाळतं, आणि दुसऱ्या सिलिंडरचा जुना प्लग टोकाशी खडबडीत, खाल्ल्यासारखा निघालाय. तेव्हा सुरुवात त्याच नोझलपासून, आणि नोझलं उतरवलेली असतील तेव्हाच चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेणार आहे.