संकेतस्थळाच्या मालकाला विकले जाणारे आकडे

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, नोंदवून एक-दोन दिवस होतात न होतात तोच मालकाला अनोळखी क्रमांकांवरून फोन येऊ लागतात. तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देऊ, पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून तुमच्या साइटकडे येणारे दुवे) देऊ, दर महिन्याला इतके हजार लोक साइटवर येतील याची लेखी हमी देऊ, असे त्यांचे बोलणे असते. लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे तयार करणे आणि सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे या हमीचे पुढे काय होते ते मला जवळून पाहायला मिळते. लोणची-मसाल्यांचा घरगुती उद्योग, कोकणातला चार खोल्यांचा होमस्टे, शिकवणीचे वर्ग अशा व्यवसायांत जाहिरातीसाठी बाजूला काढलेली रक्कम मुळातच तुटपुंजी असते, आणि ती वाया गेली की पुढची दोन-तीन वर्षे मालक इंटरनेटचे नावच काढत नाही. या सगळ्या उपायांत मला एक समान दोष दिसतो: काम झाले की नाही हे मोजण्याचे माप विकणाराच ठरवतो, आणि त्या मापात ग्राहकाला जागाच नसते.

पहिल्या पानाच्या हमीपासून सुरुवात करू. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानांवर स्पष्ट लिहिले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. तरीही ही हमी विकली जाते आणि कागदोपत्री पाळलीही जाते, कारण करारात 'निवडक कीवर्ड' (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) असे लिहिलेले असते आणि ती निवड हमी विकणारी एजन्सीच करते. एका होमस्टेच्या मासिक अहवालात मी 'दापोली समुद्रकिनाऱ्याजवळ स्वस्त शाकाहारी कौटुंबिक निवास' या लांबलचक शब्दसमूहासमोर पहिला क्रमांक अभिमानाने छापलेला पाहिला. तो क्रमांक खरा होता. पण गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहिले तेव्हा त्या शब्दांनी त्या साइटवर कोणीही आलेले नव्हते. सर्च कन्सोल फुकट आहे, लोकांनी कोणते शब्द टाइप केले, साइट किती वेळा दिसली आणि किती जणांनी क्लिक केले हे त्यात सरळ दिसते. पण या मालकाला ते आहे हेच कोणी सांगितले नव्हते.

बॅकलिंकचा व्यवहार जुना आहे आणि त्याचे मूळ खऱ्या गोष्टीत आहे. दुसरी साइट आपल्याला दुवा देते म्हणजे एक प्रकारे शिफारस करते, या विचारावर गुगलचे संस्थापक, स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास पेजरँक ही पानांचा क्रम ठरवण्याची पद्धत उभी केली. शिफारशीला किंमत आली तेव्हा शिफारशी विकत मिळू लागल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी असंबद्ध साइटींवर हजारो दुवे पेरलेले होते. गुगलने कारवाई केल्यावर प्रवासी बॅगेच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. हे दुवे आपण लावले नाहीत असे कंपनीने सांगितले आणि आपल्या सल्लागार संस्थेशी असलेला करार संपवला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, गुगलने आपल्या क्रमवारीच्या प्रणालीत अशा दुव्यांवर रोख धरणारा पेंग्विन हा बदल आणला. २०१६ पासून पेंग्विन मुख्य प्रणालीतच सामावला गेला, आणि तेव्हापासून असे दुवे बहुतेक वेळा शिक्षेच्याही लायकीचे धरले जात नाहीत. त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते. म्हणजे आज पाचशे बॅकलिंक घेणाऱ्या लोणच्याच्या उद्योगाचे फार नुकसान होईलच असे नाही, पण पैसे मात्र पाण्यात जातात. ती यादी एकदा उघडून पाहावी: परदेशी भाषांतल्या ओसाड डिरेक्टऱ्या (साइटींच्या नुसत्या याद्या), एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या डझनभर साइटी, औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींमध्ये खोचलेले दोन ओळींचे लेख. यांपैकी एकाही पानावरून लोणचे विकत घेणारा माणूस येणार नाही, हे समजायला तांत्रिक ज्ञान लागत नाही.

त्याच पॅकेजमध्ये अजूनही 'डिरेक्टरी सबमिशन' (अशा याद्यांत साइटचे नाव नोंदवणे) आणि 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारे शब्द लिहिणे) या नोंदी सापडतात. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली आणि डीमॉझ ही दुसरी मोठी डिरेक्टरी २०१७ मध्ये. क्रमवारीसाठी मेटा कीवर्ड आपण पाहत नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. इतक्या वर्षांनंतरही त्याचे पैसे आकारले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारी वर्दळ, विकणाऱ्यांचा प्रकार अधिक दुःखदायक आहे, कारण त्यात मालकाला काही काळ खरोखर आनंद होतो. वर उल्लेखलेल्या होमस्टेच्या साइटवर किती लोक आले हे मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये एका महिन्यात आलेख एकदम चढला होता, आणि घरातल्या सगळ्यांनी तो एकमेकांना दाखवला होता. शहरांची यादी उघडल्यावर पुणे आणि मुंबईच्या वर अ‍ॅशबर्न हे नाव दिसले. अ‍ॅशबर्न हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातले गाव असून तिथे प्रचंड मोठी डेटा सेंटर आहेत. तिथून अचानक झुंडीने येणारे 'वाचक' बहुधा माणसे नसून आपोआप चालणारे संगणकी प्रोग्राम असतात. त्या भेटींचा सरासरी वेळ जवळजवळ शून्य सेकंद होता, आणि खोल्यांच्या दरांचे पान त्यांपैकी कोणी उघडलेच नव्हते. त्या महिन्यात चौकशीचे फोन वाढले का, असे मी विचारले तेव्हा उत्तर नकारार्थी आले.

गुगलच्या सशुल्क जाहिरातींना मी निरुपयोगी म्हणणार नाही. नीट चालवल्या तर त्या लहान व्यवसायालाही परवडतात. पण खाते उघडताना समोर येणारे पर्याय तसेच ठेवले की पैसा कुठेही वाहत जातो. कीवर्ड आपोआप 'ब्रॉड मॅच' धरला जातो, म्हणजे त्याच्याशी दूरचे नाते असलेल्या शोधांवरही जाहिरात दिसते. ठिकाणाच्या पर्यायात त्या गावात असलेल्यांबरोबर त्या गावात 'रस दाखवणारे' लोकही धरलेले असतात. होमस्टेला त्याचा फायदा होऊ शकतो, पण कोथरूडमधल्या दंतवैद्याला दुसऱ्या राज्यात बसून कोथरूडविषयी वाचणाऱ्या माणसाचा काय उपयोग? एका खात्यात नुसता 'दापोली' हा कीवर्ड टाकलेला होता. लोकांनी नेमके काय शोधले हे दाखवणारा 'सर्च टर्म्स'चा अहवाल उघडला तेव्हा तिथल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या भरतीचा शोध घेणाऱ्या उमेदवारांनी, दापोलीचे तापमान पाहणाऱ्यांनी आणि एसटीचे वेळापत्रक शोधणाऱ्यांनी केलेले क्लिक त्यात होते, आणि त्या प्रत्येक क्लिकचे पैसे होमस्टेने भरले होते. नको असलेले शब्द वगळण्याची सोय त्याच पानावर आहे. ती वापरलेली नव्हती, आणि एजन्सीचे शुल्क एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरलेले असल्यामुळे ती वापरण्याची तिला घाईही नव्हती.

विकतचे लाइक आणि फॉलोअर यांबद्दल थोडक्यातच लिहितो. अमेरिकेत देवुमी नावाची कंपनी खोटे फॉलोअर विकत होती आणि २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. ग्राहकांना मिळाले ते फक्त आकडे. सरसकट पाठवल्या जाणाऱ्या एसएमएसविषयी ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) २०१८ चे नियम आहेत, आणि ते पाळून पाठवले तरी असे संदेश लोक न वाचताच पुसून टाकतात.

सध्याचा सर्वात वाईट उपाय म्हणजे यंत्राकडून ढिगाने लेख लिहून घेणे. गुगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या नियमांत भर घालून, केवळ क्रमवारीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, स्पॅम ठरवला. नियम बाजूला ठेवला तरी मराठी वाचकाचे काय? इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवलेले, 'आपल्या मुक्कामाला अविस्मरणीय बनवा' अशा वाक्यांनी भरलेले पान वाचून कोणाला खोली घ्यावीशी वाटणार? त्या होमस्टेच्या साइटवर आम्ही असे लेख काढून टाकले आणि घरातल्या काकूंना फोनवर रोज जे प्रश्न विचारले जात होते, त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहिली: कोकण रेल्वेने आल्यास खेड स्टेशनवर उतरावे, तिथून दापोलीला कसे यावे, पुण्याहून ताम्हिणी घाटाने येताना पावसाळ्यात काय काळजी घ्यावी, आजी-आजोबांसाठी तळमजल्यावरची खोली मिळते का, उपवासाच्या दिवशी जेवणात काय असते. चौकशीच्या वहीत 'कुठून कळले' असा एक रकाना आखून घेतला. त्या रकान्यात आता गुगल मॅप, पूर्वी राहून गेलेले पाहुणे आणि खेड स्टेशनचे पान यांचीच नावे प्रामुख्याने दिसतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही उपायाच्या आधी तपासायला हवी. अनेक एजन्सी डोमेन, अ‍ॅनालिटिक्स, जाहिरातींचे खाते आणि गुगलवरचे बिझनेस प्रोफाइल स्वतःच्या ईमेलवर उघडतात. करार मोडला की मालकाच्या हाती पासवर्डही नसतो आणि ग्राहकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले अभिप्रायही त्याच्या ताब्यात राहत नाहीत. ही सर्व खाती मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल क्रमांकावर उघडून एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा; तशी सोय बहुतेक खात्यांत आहे, आणि पहिला हप्ता देण्यापूर्वी ती करून घ्यायला अर्धा तास पुरतो.