आमची वाटचाल : सोंडेमागून सोंड

सायकल सहली सुरू केल्या तेव्हा आमचे टप्पे किलोमीटरवर ठरायचे. सपाटीवर दिवसाला ८० किलोमीटर जमतात, तर किनाऱ्यालगतच्या डोंगरी रस्त्यावर ६० जमतीलच, असा हिशेब. तो साफ चुकला. असा रस्ता समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या वर गेला नाही, तरी डोंगराची प्रत्येक सोंड चढतो आणि पलीकडच्या ओढ्यावर पुन्हा खाली येतो. १२० मीटरच्या दहा सोंडा म्हणजे १२०० मीटर चढाई झाली. त्यात मोठ्या घाटात सापडते तशी लयही सापडत नाही. आता सामान लादलेल्या सायकलीला दिवसाला १००० मीटर चढ, किलोमीटर त्यात बसतील तेवढे.

अ‍ॅपमधला चढाईचा आकडा आम्ही जसाच्या तसा घेत नाही. रस्ता कड्याला चिकटून असला की उंचीच्या माहितीतला एक ठिपका रस्त्यावर पडतो, पुढचा थेट कड्याच्या पायथ्याशी, आणि नसलेला चढ बेरजेत येतो. पूल आणि बोगद्यांचंही तेच. म्हणून सोंडेचा माथा आणि खालचा पूल यांच्या उंच्या नकाशावरून हाताने मांडतो.

सायकली बदलल्या त्या गिअरमुळे. पुढच्या दातेरी चक्रीला ३४ आणि मागच्या चक्रीला २८ दाते असले, तर पॅडलच्या एका फेरीला सुमारे २.६७ मीटर जातं. मिनिटाला ६० पॅडल म्हणजे ताशी ९.६ किलोमीटर. सायकल, स्वार, सामान मिळून १०० किलो धरा. १० टक्के चढावर नुसतं वजन वर न्यायला २६० वॅट लागतात. एवढं दिवसभर कुणाचे गुडघे सोसणार? पुढे २६ आणि मागे ३४ दात्यांवर त्याच पॅडलला ताशी ६ किलोमीटर आणि १६५ वॅट. वेग कमी, पण संध्याकाळी माणूस चालू शकतो.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला की रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर रेझिन (राळेत बांधलेल्या) पॅडची पकड जाते. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा, हे आम्ही पहिल्याच उतारावर शिकवतो. ओल्या, वाळू उडणाऱ्या रस्त्यावर सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून घट्ट केलेले) पॅड जास्त टिकतात. मात्र डिस्कच्या चकतीवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असेल तर ते चालत नाहीत. पॅडचं अस्तर १ मिलिमीटर उरलं की आम्ही बदलतो.

खाऱ्या हवेचं नुकसान सगळ्यात उशिरा कळलं, कारण ते आत होतं. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालची नळी) असला आणि फटीत खारं पाणी शिरलं, की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि सीटपोस्ट पाचरीसारखा आवळला जातो. मग पिळून निघत नाही, कापावा लागतो. आता प्रत्येक सहलीनंतर तो काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस लावून बसवायचा. आऱ्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या निपल (आरा रिमला धरणाऱ्या छोट्या चाक्या) काढून पितळी घातल्या. धुताना गोडं पाणी वरून सोडायचं. प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारला तर पाणी सीलच्या आत जातं.

वाऱ्यासाठी निघण्याची वेळ पहाटेवर आणली. दुपारी जमीन तापली की समुद्रावरचा वारा जोर धरतो. खोदलेल्या खिंडीत डोंगर आडोसा देतो आणि सोंडेच्या टोकाला सायकल बाहेर पडताच झोत बाजूने आदळतो. म्हणून पुढच्या पॅनियर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) छोट्या ठेवतो, जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना समान.

प्रत्येक सायकलीबरोबर हरेक लांबीचे दोन आरे देतो, आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्र्यांचा संच) खोलायचं टूलही. मागच्या चाकाचा चेनकडचा आरा तुटला तर कॅसेट काढल्याशिवाय नवा सहसा ओवता येत नाही. रोज सकाळी कॅरिअरच्या खालच्या बोल्टला हात लावायचा. हादऱ्यांनी आधी तोच ढिला होतो, आणि पडला की पॅनियर चाकात.