काय म्हणाला ओ?

रत्नागिरीत वर्तमानपत्रं निघतात, आकाशवाणीचं केंद्र आहे, प्रत्येक वाडीचा आणि प्रत्येक अपार्टमेंटचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तरी उद्या पाणी येणार नाही ही बातमी आमच्याकडे अजून रिक्षातूनच येते. बाकी ठिकाणाहून येते ती अफवा.

ही रिक्षा एकदा जवळून बघण्यासारखी असते. टपावरच्या कॅरिअरला दोन भोंगे, एक पुढे तोंड करून, एक मागे, निळ्या नायलॉनच्या दोरीने आवळलेले. पावसाळ्यात त्यांच्यावर प्लॅस्टिकची पिशवी असते, ती काढायची राहिली तर आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. मागच्या सीटवर प्रवाशाच्या जागी बॅटरी, तिच्या शेजारी अॅम्प्लिफायर, त्यात खुपसलेला पेन ड्राइव्ह. पूर्वी त्या जागी माणूस असायचा. तो माइक तोंडाशी धरून एका हाताने दांडा पकडून बसायचा आणि ओळखीचं कुणी दिसलं की घोषणा थांबवून "काय, बाजारात काय?" असं सगळ्या शहराला ऐकू जाईल असं विचारायचा. मग कॅसेट आली, आता पेन ड्राइव्ह. माणूस गेला, पण भाषा तीच राहिली. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..." हे वाक्य कोकणात कुणी घरात बोलत नाही, पण भोंग्यातून ते आलं नाही तर आम्हाला बातमी खरी वाटणार नाही.

अडचण एकच. रिक्षा थांबत नाही. सांगायचं असतं मिनिटभराचं आणि आमच्या गल्लीतून बाहेर पडायला तिला पंधरा-वीस सेकंद लागतात. त्यामुळे सुरुवात मारुती मंदिरवाल्यांना ऐकू येते, शेवट पुढच्या आळीला, आणि आमच्या वाट्याला मधला भाग: "...जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामामुळे दिनांक..." दिनांक कुठला, ते पुढे जाऊन पोचतं. मग गॅलऱ्या भरतात.

"काय म्हणाला ओ?"

"पाण्याचंच काहीतरी."

"आज की उद्या?"

"दुरुस्ती म्हणाला. म्हणजे परवापर्यंत धरा."

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "सकाळ" ऐकलेलं असतं, खालच्या दुकानदाराने "कमी दाबाने", आणि शाळेतून परत येणाऱ्या मुलाने, ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, वार बरोबर ऐकलेला असतो. पाच मिनिटांत सगळ्यांचे तुकडे जोडून निवेदन तयार होतं. एरवी ज्यांच्यात पार्किंगवरून बोलणं बंद आहे अशी दोन घरंसुद्धा या पाच मिनिटांत बोलतात, कारण एकाकडे तारीख असते आणि दुसऱ्याकडे वेळ. रिक्षा थांबून नीट सांगायला लागली तर आमचं काय होईल, मला शंकाच आहे.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, कोकणात पाण्याची एवढी काय ती बातमी? इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पडतो खरा, पण राहत नाही. खाली जांभा. भोकाभोकांचा दगड, घर बांधायला सोन्यासारखा, पाणी धरायला अगदी कुचकामी. जूनमध्ये जे वरून आलं ते सड्याच्या उघड्या कातळावरून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पऱ्यातून नदीत, आणि नदीतून समुद्रात. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर ते किती, नदीला रमायला वेळच नाही. ऑक्टोबरात काठोकाठ असलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, आणि तिच्यात पडलेली पावसाळ्यातली बादली तेव्हा सापडते. शहराला नळाचं पाणी येतं ते मुख्यतः शीळ धरणातून, जोडीला पानवल. उन्हाळा चढला की धरणाची पातळी हा घराघरातला विषय होतो आणि ठरावीक वारी पाणी बंद राहतं. अशा दिवसांत आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत "आंघोळ करून आलात ना?" असं झालं तर त्याने राग मानू नये.

रिक्षा काही नुसती पाणी सांगत नाही. तिच्यामागून चालत गेलात तर शहराचं वर्ष कळतं. फाल्गुनात बारा वाड्यांच्या श्री देव भैरीच्या पालखीमुळे कुठला रस्ता कधी बंद. मे अखेरीला मिरकरवाडा, राजिवडा, भाट्ये या बाजूला मच्छीमारांना सूचना, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. भाद्रपदात मांडवीला विसर्जनाची व्यवस्था. मार्चमध्ये घरपट्टी, पाणीपट्टी. मार्चमधला आवाज नेहमीपेक्षा जरा करडा असतो असं मला वाटतं, पण ते पट्टी भरायची राहिल्यामुळेही असेल.

आणि वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं. त्या दिवसांत समुद्राकडच्या वस्त्यांमधून सूचना देत गाड्या फिरत होत्या, आणि तेव्हा मात्र कुणी "काय म्हणाला?" विचारलं नाही. त्याच वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं. खलाशी सुखरूप बाहेर काढले, जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिलं. दुसऱ्या वर्षीपासून लोक पाहुण्यांना दाखवायच्या यादीत ते धरू लागले: थिबा पॅलेस, किल्ला, मत्स्यालय, मग ते अडकलेलं जहाज.

जुन्या शहरातून ही रिक्षा जाते तेव्हा तिला कुणाकुणाच्या दारावरून जावं लागतं याचा विचार केला की गंमत वाटते. टिळक आळीत, जिथे १८५६ साली टिळक जन्मले, तिथे ती नळजोडणीची थकबाकी सांगते. पतितपावन मंदिराजवळ, जे १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलं आणि सर्व जातींना खुलं झालं, तिथे ती कचरा ओला-सुका वेगळा करा म्हणते. जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ सालचं. तिथे वाचत बसलेली माणसं घोषणा सुरू झाली की मान वर करतात, कागदावरचं सोडून हवेतलं वाचतात, आणि रिक्षा गेली की परत खाली.

थिबा राजाच्या वाट्यालाही हा भोंगा आहे. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला. राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. त्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे, चारी बाजूंना आता वस्ती. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले, तेव्हा आजूबाजूच्या अनेकांना आपण कुणाच्या शेजारी राहतो ते नव्याने कळलं. राजाला रत्नागिरी सोडायची मुभा नव्हती. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांना जिल्ह्याबाहेर जायची मनाई होती. हद्द घालून माणसं ठेवायला सरकारला आमचं गाव सोयीचं वाटलं असावं: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट, आणि मधे रेल्वे नाही. रेल्वे आली ती १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, आणि स्टेशन झालं तेही गावापासून लांब, कुवारबावच्या बाजूला.

तिथूनच खरं तर शहर सुटलं. आधी साळवी स्टॉपपर्यंत, मग कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, नाचणे. आंब्याच्या बागा होत्या तिथे बिल्डिंगी आल्या आणि बिल्डिंगींना नावं आंब्यांची. पण २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६,२२९. २०२१ ची जनगणना करोनामुळे झालीच नाही, त्यामुळे कागदावर अजून तेवढेच आहोत. मारुती मंदिरच्या सिग्नलला संध्याकाळी उभं राहिलं की ७६ हजार तिथेच असावेत असं वाटतं. उरलेले राहतात हद्दीबाहेर. नोकरी शहरात, शाळा शहरात, मासळी शहरातली, मतदान मात्र ग्रामपंचायतीला.

आणि ही हद्द कुठे आहे हे सर्वांत अचूक कुणाला ठाऊक असेल तर रिक्षावाल्याला. आमच्याकडे रस्त्याच्या एका बाजूला नगरपरिषद, दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. नगरपरिषदेची रिक्षा आमच्या कोपऱ्यापर्यंत येते, अर्धवर्तुळ घेते आणि परत फिरते. तिथे पाटी नाही, खांब नाही. पण वळण इतकं नेमकं की मोजणीवाल्यांनी तिच्या टायरच्या खुणांवर खुंट्या मारून घ्याव्यात. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या, तेव्हा प्रचाराच्या रिक्षाही इथेच वळत होत्या. कोपऱ्यावर एकाच वेळी दोन आल्या की दोन पक्षांच्या विकासाचा मिळून एकच गोंधळ ऐकू यायचा, समोरचे ग्रामपंचायतवाले तो फुकटात ऐकायचे आणि आम्हाला सल्ले द्यायचे.

साड्यांच्या सेलची रिक्षा मात्र वळत नाही. ती सरळ पुढे जाते, कुवारबावला, तिथून रेल्वे स्टेशनच्या फाट्यावर, तिथूनही पुढे. तीच दोरी, तसेच भोंगे. चहाच्या टपरीवर एकदा दोन्ही कामं करणाऱ्या रिक्षावाल्याला विचारलं, की बाबा, सेलसाठी एवढ्या लांब जातोस, पाण्यासाठी का नाही? तो म्हणाला, "सेलवाल्यानं सांगितलं, माणसं दिसतील तिथवर जा. पाणीवाल्यांनी सांगितलं, प्रभाग संपेल तिथवर." हद्दवाढीची चर्चा मी इतकी वर्षं ऐकतोय, बाजूची आणि विरोधाची. बाजूच्यांना रस्ते, गटारं, नळ हवेत. विरोधवाल्यांना घरपट्टी नको, आणि हातातली ग्रामपंचायत सोडायची नाही. दोघांचंही चूक म्हणता येत नाही. पण शहराचा नकाशा कापडाच्या व्यापाऱ्याकडे अद्ययावत आणि सरकारकडे जुना, हे काही मला बरं वाटत नाही.

समोरच्या बाजूला राहणाऱ्या आप्पांची गंमत वेगळीच. त्यांचं पाणी निराळ्या योजनेतून येतं, त्याची घोषणा कुणीच करत नाही. ते आपलं येतं किंवा येत नाही. पण आमची रिक्षा वळताना भोंगा बरोबर त्यांच्या पडवीकडे होतो, त्यामुळे वार, वेळ, कारण, सगळं पूर्ण ऐकू येतं ते त्यांनाच. आमच्या तुकडेजोडीत काही अडलं की आता आम्ही हद्द ओलांडून त्यांनाच विचारतो. आप्पा तारीख सांगतात आणि स्वतःचं निळं पिंप पाइप लावून भरायला घेतात.

"आप्पा, तुमचं कुठे बंद आहे?"

"माझं नाय रे. तुम्ही बुधवारी बादल्या घेऊन येणार, त्याची तयारी."