एकच ‘ङ’, दोन घराणी

सिंगापूरच्या एका रुग्णालयात मी जनुकीय समुपदेशक आहे. माझ्यासमोर येऊन बसणारी माणसं बहुतेक वेळा धडधाकट असतात. लग्न ठरलेलं असतं किंवा बाळाचा विचार चाललेला असतो, आणि रक्ताच्या अहवालात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची शंका निघालेली असते. औषध देणं माझं काम नाही. मी आधी वंशवृक्ष काढते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, मुलांना उभी. लहानपणी कुणाला रक्त चढवलं, कुणाचं मूल जन्मताच गेलं, कुणाला आयुष्यभर ‘अंगात रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्या खाव्या लागल्या, हे सगळं त्यात भरत जायचं.

या कामात आडनावाची मदत होते, पण इथली चिनी आडनावं रोमन लिपीत नुसती वाचून उपयोग नाही. हुआंग हेच आडनाव घ्या. खुद्द चीनमध्ये लोकसंख्येच्या हिशेबाने ते सातवं. सिंगापूरच्या रस्त्यावर ते तुम्हाला किमान चार वेषांत भेटेल. वी किम वी हे १९८५ ते १९९३ या काळात सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष होते, लॉरेन्स वाँग २०२४ मध्ये पंतप्रधान झाले आणि ङ एंग हेन बरीच वर्षं संरक्षणमंत्री होते. रोमन अक्षरांत ही तीन आडनावं, चिनी अक्षर मात्र एकच, हुआंगचं. मलेशियातल्या पेनांगकडचे लोक त्याच अक्षराला ‘ऊई’ म्हणतात, तो चौथा वेष.

यातलं ‘ङ’ मी मुद्दाम तसं लिहिते आहे. रोमनमध्ये ते फक्त एन आणि जी, मध्ये स्वर नाही, आणि नव्याने आलेला माणूस तिथे अडखळतोच. क-ख-ग-घ-ङ घोकलेल्या आपल्या जिभेला तो उच्चार तयार मिळतो.

हे असं का झालं, त्याचं उत्तर बंदरांवर आहे. फुजियान आणि ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावरून माणसं गलबतांतून आणि आगबोटींतून दक्षिणेकडे आली, तेव्हा त्यांच्या बोली एकमेकांना कळत नव्हत्या. अक्षर एक, उच्चार गावागणिक वेगळा. कचेरीतल्या कारकुनाने जसं ऐकू आलं तसं लिहिलं, ब्रिटिशांच्या वसाहतीत इंग्रजी वळणाने आणि डचांच्या वसाहतीत डच वळणाने. चीनने १९५८ मध्ये पिनयिन ही एकच रोमन पद्धत लागू केली, तोवर या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांचे कागद तयार झाले होते. म्हणून इथलं आडनाव आजोबांची बोली सांगतं. फुजियानचा होक्केन किंवा त्याच्या शेजारचा तिओच्यू असेल तर ङ, कँटनचा असेल तर वाँग, मलेशियातल्या सारावाकमधला हक्का असेल तर बोंग. व्हिएतनाममध्ये उत्तरेला होआंग आणि दक्षिणेला हुइन्ह, कारण दक्षिणेत राज्य वसवणाऱ्या न्गुयेन होआंग या सरदाराचं नाव तिथे तोंडाने घ्यायची बंदी होती.

हे सगळं मला त्या दिवसाआधी माहीत होतं. पण एका खोलीत तीन माणसांच्या मध्ये ते उलगडताना मी पाहिलं नव्हतं.

मुलगी इंडोनेशियातल्या मेदानची, सिंगापुरात नोकरीला. मुलगा इथलाच. दोघांचं लग्न ठरत आलेलं. मुलीसोबत तिची आजी आली होती, वडिलांची आई. ऐंशीच्या पुढची, पाठ ताठ, हातात कापडी पिशवी. आजीला इंडोनेशियन आणि होक्केन येत होतं, म्हणून मी आमच्या परिचारिकेला बोलावलं. ती पेनांगची, आडनाव ऊई. मेदान आणि पेनांग समुद्राच्या दोन काठांना आहेत आणि दोन्हीकडची होक्केन बरीच सारखी. ती आत येताच आजीचा चेहरा सैल झाला. आजीला ती ‘आ-मा’ म्हणू लागली आणि मीही तेच धरलं.

मुलीचं आडनाव विजाया. आपल्या ‘विजय’वरून आलेलं, इंडोनेशियात सर्रास दिसणारं. १९६६ पासून तिथल्या सरकारने चिनी लोकांना इंडोनेशियन नावं घ्यायला लावली, चिनी शाळा बंद केल्या आणि पुढची तीसेक वर्षं चिनी अक्षर दुकानाच्या पाटीवरही लिहायची सोय उरली नाही. लोकांनी जुन्या नावाचा एखादा आवाज नव्यात लपवून ठेवला. हुआंगचं तिकडचं रूप डच वळणाचं ‘ऊई’, त्यातून विजाया, विनाता, विबोवो अशी नावं निघाली. तिथले नामांकित उद्योगपती ‘एका चिप्ता विजाया’ हे जन्माने ऊईच होते. माझ्यासमोरच्या मुलीला मात्र ते अक्षर वाचताही येत नव्हतं. तो तिचा दोष नव्हे, शिकवायला शाळाच ठेवली नव्हती.

मी कागदाच्या एका टोकाला तिचं वर्तुळ काढलं, दुसऱ्या टोकाला मुलाचा चौकोन काढून खाली त्याचं आडनाव लिहिलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, “ङ.”

आजीने मान वर केली. तोवर घरात मुलाला सगळे त्याच्या ख्रिस्ती नावाने हाक मारत होते, आडनाव तिच्या कानावर पडलंच नव्हतं. ती परिचारिकेशी भराभर बोलू लागली. आवाज चढला नाही, पण हात पिशवीच्या बंदावर घट्ट आवळले गेले. परिचारिकेने मला सांगितलं, “आ-मा म्हणतात, आमचं घर ङ. हा मुलगाही ङ. एका आडनावात लग्न होत नाही.”

हा नियम साधासुधा नाही. सातव्या शतकात, तांग राजवटीच्या कायद्यात एकाच आडनावात लग्न करणाऱ्या दोघांनाही दोन-दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा होती. कायदा गेला, पण घराघरांत भीती राहिली. मला ती परकी वाटली नाही. मी सांगली जिल्ह्यातली. आपल्याकडे सगोत्र विवाहाला कायद्याने १९४६ मध्येच मान्यता दिली, तरी देवक एक निघालं म्हणून मोडलेली सोयरीक मी नात्यात पाहिली आहे. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला अडाणी ठरवून पुढे जाणारे डॉक्टर मला मुळीच पटत नाहीत. आजीचा प्रश्न माझ्याच प्रश्नाचा जुना अवतार होता. या दोघांचं रक्त कुठे मिळतं का, हेच तिलाही विचारायचं होतं.

मी मुलाला विचारलं, “तुमच्या आजोबांच्या घरी कोणती बोली बोलायचे?”

“कँटनीज.”

“तुमचं ओळखपत्र आ-मांना दाखवाल?”

सिंगापूरच्या ओळखपत्रावर रोमन नावाबरोबर चिनी अक्षरांतलं नावही छापलेलं असतं. आजी सरकारने बंद करण्याआधीच्या चिनी शाळेत शिकलेली. तिने चष्मा पुसला, कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि एका क्षणात म्हणाली, “गो!”

परिचारिका हसली. मुलगा कँटनीज ङ होता, होक्केन ङ नव्हता. कँटनच्या बोलीत ‘ङ’ म्हणजे वू हे आडनाव. त्याच अक्षराला होक्केन लोक ‘गो’ म्हणतात. १९९० ते २००४ पंतप्रधान राहिलेले गो चोक तोंग त्याच आडनावाचे. रोमन अक्षरांत तीच दोन चिन्हं, पण घराणी वेगळी. वू लोक आपलं मूळ यांगत्सेच्या मुखाजवळच्या वू राज्याशी सांगतात. धाकट्या भावाला गादी मिळावी म्हणून स्वतः दक्षिणेला निघून गेलेला ताइबो हा त्यांचा मूळपुरुष. ते राज्य इ.स.पू. ४७३ मध्ये बुडालं.

आणि हुआंग? ते मला आजीनेच सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या मेदानमधल्या थडग्यावर सगळ्यात वर ‘कांग-हे’ कोरलेलं आहे. मंदारिनमध्ये जियांगशिया, आजच्या वुहानच्या परिसरातला जुना प्रांत. हुआंग नावाचं छोटं राज्य हेनानच्या दक्षिण भागात होतं. इ.स.पू. ६४८ मध्ये चू राज्याने ते गिळलं आणि तिथल्या लोकांनी गेलेल्या राज्याचं नाव आडनाव म्हणून धरून ठेवलं. पुढे कुळाचा लौकिक वाढला तो जियांगशियात. हान काळातला हुआंग शियांग तिथलाच. लहानपणी उन्हाळ्यात बापाच्या अंथरुणाला वारा घालून ते गार करणारा आणि हिवाळ्यात स्वतः आधी निजून ते ऊबदार करणारा मुलगा म्हणून त्याची गोष्ट चिनी घरांत आजही सांगतात. जगभरचे हुआंग आपल्या कुळमंदिराला जियांगशियाचं नाव देतात, मग ते स्वतःला वी म्हणवोत की वाँग.

सगळ्या हुआंगांचं रक्त त्या एका राज्यातून आलं, असं मात्र नाही. ग्वांगशीतल्या झुआंग लोकांमध्ये हे आडनाव फार आहे आणि त्यांचे पूर्वज दक्षिणेतलेच.

आजीला एक कवन पाठ होतं. दहाव्या शतकात फुजियानच्या शाओवूमध्ये हुआंग छियाओशान नावाचा गृहस्थ होता. त्याला तीन बायका, एकवीस मुलगे. परंपरा सांगते की म्हातारपणी त्याने प्रत्येक बायकोचा थोरला मुलगा घरी ठेवला आणि बाकीच्या अठरा जणांना घोडा देऊन बाहेर काढलं, जिथे घोडा थांबेल तिथे घर करा म्हणून. जाताना ओळखीची खूण म्हणून हे कवन दिलं. परमुलूख काळाने आपलाच मुलूख होतो, परगाव दिवस गेले की आपलं गाव होतं, असा त्याचा अर्थ. हे ज्याला म्हणता येईल तो आपल्या कुळातला. आजी होक्केनमध्ये म्हणू लागली आणि दुसऱ्या ओळीपासून आमची ऊई परिचारिका तिच्याबरोबर म्हणत होती. आजीने तिचा हात धरला. विजाया आडनावाची नात हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती.

माझ्या फायलीत दोघांचे जनुकीय अहवाल होते आणि ते अजून सांगायचे राहिले होते. मी दोघांना बाहेर नेऊन विचारलं, आजीसमोर बोलू का? मुलगी म्हणाली, आजीला कळलंच पाहिजे.

दोघंही बीटा थॅलेसेमियाचे वाहक होते, म्हणजे स्वतः धडधाकट, पण जनुकातला बदल आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आलेला. बदलही तोच, बीटा ग्लोबिन जनुकाच्या ४१-४२ या जागी डीएनएची चार अक्षरं गळालेली. दक्षिण चीनमधल्या लोकांत हाच बदल सगळ्यात जास्त सापडतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. असं मूल जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त घेत राहतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायची औषधंही.

आजीने बराच वेळ वंशवृक्षाकडे पाहिलं. मग विचारलं, “आडनाव वेगळं, मग रक्तात एकच गोष्ट कशी?”

मी तिला मलेरियाचं सांगितलं. दक्षिण चीनच्या दमट प्रदेशात हजारो वर्षं मलेरिया होता. ज्यांच्यात हा बदल एकाच बाजूने आलेला असे, ते मलेरियाला जास्त तगत, म्हणून तो पिढ्यान्पिढ्या टिकला आणि हुआंग, वू, तान, लिम असा भेद न करता पसरला. आडनाव बापाकडून एकाच वाटेने येतं, रक्त आठ पणजोबा-पणज्यांकडून येतं. परिचारिकेने हे सांगताना आजी तिच्या बोटाबरोबर कागदावरच्या रेघा मोजत होती.

मग ती म्हणाली, “मनिलात एक पोरगा आहे. दर महिन्याला रक्त घेतो.”

नात चमकली. मनिलात आपलं कुणी आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. आजीच्या नवऱ्याचा मोठा भाऊ फिलिपाईन्सला गेलेला, तिकडे आडनाव झालं ‘ऊय’. धाकटा हाँगकाँगला, तिथे ‘वाँग’. हाँगकाँगात तर हुआंग आणि राजा या अर्थाचं वांग, दोन्हींचा उच्चार अगदी एकच. तिथली माणसं आपलं आडनाव ‘मोठ्या पोटाचं’ की ‘तीन रेघांचं’ हे सांगून मोकळी होतात. मोठ्या पोटाचं ते हुआंग, त्या अक्षराच्या मधल्या चौकटीमुळे. एका बापाचे तीन मुलगे, तीन ठिकाणी तीन आडनावं, आणि संगणकावर शोधलं तर त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध दिसला नसता.

आमच्या कामात एक वाहक सापडला की त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांनाही तपासणीचं सुचवायचं असतं. त्या दिवशी कागद संपला, दुसरा जोडला. आजी एकेक नाव चिनी अक्षरांत लिहून देत होती, परिचारिका बाजूला रोमन रूप लिहीत होती आणि मी चौकोन-वर्तुळं जोडत होते. मुलाने स्वतःच्या बाजूने आईला फोन लावला, कारण वू घराण्याची बाजू अजून कोरीच होती.

लग्नाबद्दल आजीने पुन्हा हरकत घेतली नाही. गर्भाची लवकर तपासणी, प्रयोगशाळेत भ्रूण तपासून मगच गर्भधारणा, किंवा मूल होऊ न देणं, हे सगळे पर्याय मी दोघांपुढे मांडले. विचार करून पुढच्या भेटीत सांगतो, असं ते म्हणाले, आणि तेच योग्य होतं.

नातेवाइकांसाठी पत्रांचे मसुदे तयार करून आम्ही मुलीच्या हाती दिले. मेदानसाठी इंडोनेशियनमध्ये, मनिलासाठी इंग्रजीत आणि हाँगकाँगसाठी चिनीत. तिन्हींच्या माथ्यावर आजीच्या सांगण्यावरून घराण्याचं नाव चिनी अक्षरात घातलं, म्हणजे पत्र उघडणाऱ्याला ते आपल्याच घरातून आलंय हे कळावं. वू कुटुंबाचं पत्र वेगळं, इंग्रजीत.