तो फॉर्म भरणारा म्हणजे मीच की!

नौपाड्यात आमचा क्लास आहे, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे मी आयल्ट्सचं, म्हणजे परदेशी जायला द्यावी लागते त्या इंग्लिशच्या परीक्षेचं, लिसनिंग आणि स्पीकिंग शिकवते. शनिवारी संध्याकाळची बॅच सगळी नोकरी करणाऱ्यांची, कोणी कळव्याहून येतं कोणी ऐरोलीहून, आणि त्यातच एक स्टाफ नर्स होत्या ज्यांना सगळी बॅच सिस्टरच म्हणायची, मीसुद्धा. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये अकरा वर्षं नोकरी, घरी दोन मुलं, आणि नाईट करून दुपारी थोडं झोपून ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याला यायच्या. कधी चुकवलं नाही त्यांनी.

त्यांना यूकेला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये 7 बँड (बँड म्हणजे या परीक्षेतली श्रेणी) लागतात, रायटिंगला 6.5 चालतात. लिसनिंगमध्ये 40 पैकी साधारण 30 बरोबर आले की 7 बँड. सिस्टर 27 वर अडकलेल्या, तीन मॉक, म्हणजे सराव परीक्षा, झाल्या तरी तिथेच. मला जे कळत नव्हतं ते हे की त्यांचे मार्क उलटे होते. पेपरात चार भाग, प्रत्येकी दहा प्रश्न. चौथा भाग म्हणजे कॉलेजमधलं लेक्चर, भलेभले तिथे पडतात, तिथे सिस्टरांना 8. आणि पहिला भाग, जो सगळे सोपा म्हणतात, दोन माणसांचं रोजचं बोलणं, कोणीतरी फोन करून खोली भाड्याने विचारतंय नाहीतर जिमची फी विचारतंय आणि आपण फॉर्म भरायचा, तिथे 5.

त्या दिवशी पाऊस प्रचंड होता, बारापैकी सातच जण आलेले. मॉक चालू केली आणि पहिल्या भागाच्या मध्यावरच लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, स्पीकर बंद, रेकॉर्डिंग सगळी त्यातच. मुलं म्हणाली मॅडम सोडा आज, पण सिस्टर नाईटला जायच्या आधी दोन तास काढून आलेल्या, त्यांना तसंच परत पाठवायचं मला जिवावर आलं. माझ्याकडे मी लिहिलेल्या संवादांचे कागद असतात, त्यातला एक काढला, बसमध्ये विसरलेल्या बॅगेचा, एका मुलाला म्हटलं तू ऑफिसवाला हो, मी बॅग हरवलेली बाई होते, आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये आम्ही वाचायला लागलो.

वाचून झाल्यावर सगळ्यांचे कागद बघितले आणि सिस्टरांचा कागद हातात धरून मी थांबलेच. बॅगेचा रंग, त्यांनी लिहिलेला डार्क ब्लू. माझ्या तोंडी वाक्य होतं, इट्स डार्क ब्लू, वेल, मोअर लाइक ग्रे रिअली, विथ अ ब्लू स्ट्रॅप. उत्तर ग्रे. वार लिहिलेला ट्यूसडे. वाक्य होतं, ट्यूसडे, नो, हँग ऑन, ऑन ट्यूसडे आय वॉज ॲट माय सिस्टर्स, सो इट मस्ट हॅव बीन वेन्सडे. किंमत लिहिलेली फिफ्टी. मी फिफ्टीन म्हणाले होते. म्हणजे तो आकडा सोडला तर ऐकू सगळं येत होतं त्यांना, शब्दन् शब्द येत होता, पण जे पहिलं कानावर पडलं ते लिहून त्या पुढच्या रकान्यावर गेलेल्या आणि माणूस आपलं बोलणं बदलतोय तेव्हा त्यांचं लक्ष तिथे नव्हतंच.

तेव्हा मला चौथ्या भागाचं कोडं सुटलं. लेक्चर देणारा तयारी करून आलेला असतो, त्याचं वाक्य सरळ असतं, नर्सिंग कॉलेजला त्या तेच ऐकत आलेल्या. रोजच्या बोलण्यात कोणी सरळ बोलत नाही. आपण तरी कुठे बोलतो, भाजीवाल्याला अर्धा किलो द्या, नाही पाव द्या, थांबा अर्धाच द्या म्हणतोच ना. पुस्तकातली इंग्लिश शिकलेल्या माणसाला नेमकं हे ऐकायची सवय नसते आणि आम्ही शिक्षक पहिला भाग सोपा आहे म्हणून सोडून देतो, मीही देत होते, हे मला त्या अंधारात फार लागलं.

मी सहज विचारलं, सिस्टर, रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात तेव्हा तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "लिहून घेते आणि वाचून दाखवते, मॅडम. फिफ्टीन म्हणाले तर मी लगेच म्हणते, सर, वन फाइव्ह, फिफ्टीन? ते हो म्हणाले की मग ते पक्कं. पंधराचं पन्नास झालं तर पेशंटचं काय होईल." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तिथे मला उलट विचारता येतं. इथे एकदाच ऐकवतात, विचारायचं कोणाला?"

प्रश्न अगदी खरा होता, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मी परत कागद उचलला आणि टॉर्च धरून ऑफिसवाल्याचीच वाक्यं वाचत गेले. सो दॅट्स फिफ्टीन पाउंड्स, राइट? अँड दॅट वॉज वेन्सडे? तिसऱ्या वाक्याला सिस्टर एकदम म्हणाल्या, "अहो मॅडम, तो फॉर्म भरणारा म्हणजे मीच की! तो वाचून दाखवतोय!"

इतक्या वर्षांत मी हे इतकं स्पष्ट कोणाला सांगितलं नव्हतं. परीक्षेत तुम्हाला विचारता येत नाही हे खरंय, पण कितीतरी संवादांत तो काउंटरवरचा माणूस तुमच्या वतीने विचारत असतो, त्यालाही फॉर्म बरोबर भरायचाय. तेव्हा पहिलं ऐकलेलं पेन्सिलने लिहा, पण समोरून येस येईपर्यंत ते कच्चं धरा, आणि नो, सॉरी, ॲक्च्युअली, हँग ऑन असं काही कानावर आलं की खोडायची तयारी ठेवा. प्रत्येक वेळी तो परत विचारेलच असं नाही, पण पुष्कळदा बोलणारा स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो.

मग मी सिस्टरांनाच काउंटरवर बसवलं. लाईट नव्हतीच, टेबलावर दोन मोबाईल उभे करून ठेवलेले, खाली गोखले रोडवर हॉर्न चाललेले. मी गिऱ्हाईक झाले आणि कागद बाजूला ठेवून मनाला येईल तसं बोलायला लागले, नाव सांगताना मध्येच स्पेलिंग बदललं, डबल टी म्हणाले, मग सिंगल टी, वेळ सांगितली हाफ सेव्हन. त्यावर एकाने साडेसहा लिहिले, त्याला सांगितलं की ब्रिटिश माणूस हाफ सेव्हन म्हणाला की आपले साडेसात. पण सिस्टर! काय बसल्या होत्या त्या. पाठ ताठ, पेन कागदावर, प्रत्येक आकडा सुटा करून परत विचारत होत्या, वन थ्री, थर्टीन? थ्री झिरो, थर्टी? क्लासमध्ये इंग्लिश बोलताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, तो त्या दिवशी वॉर्डमधला आवाज होता. दहाच्या दहा रकाने बरोबर.

थर्टीन थर्टी निघालंच म्हणून तेही घोटून घेतलं, सुटं म्हटलं तर थर्टीनमध्ये जोर टीनवर येतो आणि थर्टीमध्ये थरवर, आपण मराठी माणसं दोन्ही एकाच सपाटीत म्हणतो म्हणून ऐकतानाही आपल्याला फरक लागत नाही. आणि ऑस्ट्रेलियन उच्चार, जो या परीक्षेत भेटू शकतो, त्यात टुडे हे टुडायसारखं वाटतं, स्पेलिंगमधला ए आपल्याला आय वाटतो. हे सगळं तोंडाने म्हटल्याशिवाय कानात बसत नाही असं माझं ठाम मत झालंय. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला आधी जोड्या लावून बसवते, एकाने घोळ घालत बोलायचं, दुसऱ्याने फॉर्म भरायचा, रेकॉर्डिंग त्यानंतर.

साडेसातला लाईट आली, सिस्टर तोवर रेनकोट चढवून जिन्यात होत्या, त्यांना लोकल गाठायची होती. जाताना म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या शनिवारी आपण हीच मॉक रेकॉर्डिंगवर घेऊ या."

घेतली. पहिल्या भागात 9 आले. मी कागद पुढे सरकवला तेव्हा त्यांनी आधी चुकलेला रकाना शोधला, बोट ठेवलं आणि कपाळावर हात मारला. वार बरोबर ओळखला होता, वेन्सडेच्या स्पेलिंगमधला पहिला डी राहिला होता.