छज्ज्याखालची खाच

मोबाइलमध्ये आवडत्या घरांचे फोटो साठवलेले घरमालक भेटले की मी फोटो नंतर बघतो, घर आधी. या जोडप्याकडे मात्र फोटोंपासूनच सुरुवात झाली, कारण मला बोलावण्याआधीच निम्मं काम ठरलं होतं. दर्शनी भिंतीवर गडद राखाडी पॅनेल, त्यावर उभ्या पट्ट्या, पट्ट्यांमधून लपवलेली एलईडीची रेघ. पॅनेलवाला मापंही घेऊन गेला होता. माझ्याकडून हवं होतं एक ड्रॉइंग, आणि ‘एकदा तुमची नजर’.

घर १९७०च्या दशकातलं, बैठं आणि रुंद. खिडक्या आडव्या, आणि त्यांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला काँक्रीटचा छज्जा. ही लांब आडवी रेघ म्हणजे अशा घराचा चेहरा. फोटोंतली घरं सगळी दुमजली, उभ्या ठेवणीची, सपाट चौकोनी. तो पेहराव या घरावर चढवला तर दुसऱ्याच्या मापाचा कोट घातल्यासारखा दिसला असता. पण ही झाली आवडीनिवडीची गोष्ट. पैसे ज्यांचे, पसंती त्यांची. मी तेवढ्यावर अडून बसलो नसतो.

“बाहेरून फार जुनाट दिसतं हो,” बाई म्हणाल्या. “आत सगळं नवं केलंय, पण फाटकातून येणाऱ्याला ते कळणार कसं?”

जुनाट म्हणजे नेमकं काय, हे मी फाटकाबाहेर उभा राहून लिहून काढतो. माझी ही सवयच आहे. इथे कागदावर आलं ते असं: खिडक्यांच्या वर भिंतीवरून उतरलेले तपकिरी ओघळ. छज्ज्याच्या पोटाला सुटलेले रंगाचे पोपडे. दारापुढे लोखंडी खांबांवर उभारलेली पत्र्याची शेड, आणि तिच्यामुळे भरदिवसा अंधारात गेलेलं दार. त्या अंधारावर उपाय म्हणून लावलेली ट्यूब, ट्यूबसाठी भिंतीवरून फिरवलेली वायर. यातलं मूळच्या नकाशात काहीच नसणार. १९७०चं जे होतं, म्हणजे प्रमाण, खिडक्यांची ओळ, जोत्याचा दगड, ते अजूनही चांगलं होतं.

शिडी लावून हातोडीने छज्जा वाजवायला घेतला. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट धड, बद्द आला तर आत पोकळी. दाराच्या वर बद्दच वाजत होतं. आणखी दोन ठोके दिले तर हाताएवढा पापुद्रा सुटून शेडच्या पत्र्यावर आदळला. आत गंजून फुगलेली सळई. लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो वरचं काँक्रीट फोडून मिळवतो.

पॅनेलवाला योगायोगाने तिथेच होता. “साहेब, आपली फ्रेम याच्या पुढून येते. हे काहीच दिसणार नाही.”

“म्हणूनच थांबा म्हणतोय,” मी म्हणालो. त्याला ते आवडलं नाही.

पिशवीत फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण होतं. ताज्या फुटलेल्या काँक्रीटवर ते फवारलं. धड काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्यावर हे द्रावण गर्द गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत गेला की तो अल्कधर्म उतरतो, मग रंग येत नाही आणि आतल्या सळईला गंजापासून जपणारं कवचही जातं. इथे बाहेरून सळईपर्यंत काहीच उमटलं नाही, सळईच्या मागे मात्र लख्ख गुलाबी. बाई शिडीखालून बघत होत्या. मी तोंडाने जे सांगत होतो ते त्यांना त्या रंगाच्या रेषेवरून लगेच कळलं.

पण दाराच्या वरच एवढं का? छज्जा सगळीकडे एकाच वयाचा. शिडी सरकवत टोकापर्यंत गेलो. शेवटच्या खिडकीवर, जिथे रंगाऱ्याचा हात नीट पोचला नसावा, तिथे छज्ज्याच्या पोटाला बाहेरच्या कडेपासून दोन बोटं आत एक खाच दिसली. बोटभर रुंद, कडेला समांतर. बाकी लांबीवर ती नव्हती. नव्हती म्हणजे, बुजलेली होती. चाकूने खरवडलं तर आधी रंग, मग पुट्टी, पुन्हा रंग, पुन्हा पुट्टी.

ही खाच पाणी तोडण्यासाठी असते. छज्ज्यावरून ओघळणारं पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही, ते पृष्ठभागाला चिकटून पोटाखालून उलटं भिंतीकडे चालू लागतं. खाच आली की चिकटायला सपाटी उरत नाही, थेंब तिथेच सुटतो. ती बुजवली की पाणी पुढे चालत भिंत गाठतं आणि ओघळत खाली येतं.

घर बांधलेले काका आतून काठी टेकत बाहेर आले. मी विचारलं, “काका, शेड कधी घातली?”

“रंगकाम केलं, त्यानंतर. दारावर पाणी यायला लागलं ना. आधी कधी यायचं नाही.” थोडं थांबून म्हणाले, “रंगारी मोठा सफाईदार होता हो. एक चीर ठेवली नाही त्याने.”

सगळी साखळी त्यांनी एका दमात सांगून टाकली. सफाईदार पुट्टी, मग दारावर पाणी, पाण्यासाठी शेड, शेडमुळे अंधार, अंधारासाठी ट्यूब. वर छज्ज्याच्या पोटातली ओल, ओलीने गंज. घर जुनाट दिसत होतं ते या उपायांमुळे, आणि आता सगळ्यांवर पॅनेलचा आणखी एक उपाय चढणार होता.

पॅनेल थांबलं. बांधकामाचा ताण बघणाऱ्या इंजिनिअरला बोलावून घेतलं, कारण भिंतीतून पुढे आलेल्या छज्ज्यात भार पेलणाऱ्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. खालून कितीही भयानक दिसलं तरी निकाल वरून उघडून बघितल्यावरच लागतो. वरच्या सळ्या शाबूत निघाल्या. मग नेहमीचं काम: सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडणं, तारेच्या ब्रशने गंज काढणं, गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टरचे थर, वरच्या बाजूला बाहेरच्या दिशेने उतार. खाच पुन्हा पाडली. ती भिंतीला भिडण्याआधी थोडी अलीकडेच थांबवायची असते, नाहीतर पाणी खाचेतूनच वाट काढत भिंतीत शिरतं. हे मिस्त्रीला सांगावं लागलं नाही, त्याला ठाऊक होतं.

शेड उतरवली त्या दुपारी घराचं रूप जेवढं पालटलं तेवढं पुढच्या कुठल्याच टप्प्यात पालटलं नाही. छज्ज्याची रेघ सलग झाली, दार दिसू लागलं. बाई रस्त्यापलीकडे जाऊन बघून आल्या आणि पॅनेलचा विषय त्यांनी स्वतःहून पुन्हा काढला नाही. त्यांचे यजमान मात्र दोन पट्ट्या तरी असू देत म्हणत राहिले. त्यांच्यासाठी दाराशेजारच्या छोट्या भिंतीवर लाकडी पट्ट्या दिल्या, आडव्या.

रंगाचं थोडक्यात सांगतो. रंगांच्या नमुना-कार्डावरचा रंग बाहेर उन्हात बराच फिका दिसतो. म्हणून भिंतीवरच मीटरभर चौकोन रंगवून तो सकाळी, दुपारी आणि ढगाळ हवेत बघायला लावतो. नव्या मॉर्टरवर महिनाभर रंग चढवत नाही, आणि चढवण्याआधी क्षार सोसणारा प्रायमर लागतोच. भिंतीला मातकट पांढरा दिला, छज्ज्याची कड एक छटा गडद. ग्रिलला खिडकीच्या आतल्या काळोखाच्या जवळचा रंग दिला की नक्षी नजरेतून जवळजवळ निघून जाते. ग्रिल बदलायचा खर्च वाचतो. पावसाच्या पाण्याचे पाइप भिंतीच्याच रंगात.

परांची उतरायच्या आदल्या दिवशी सहज चक्कर टाकली. नवा रंगारी छज्ज्याखाली पत्रा आणि पुट्टीचं भांडं घेऊन बसला होता. टोकाकडून सुरुवात करून हातभर खाच त्याने भरलीही होती. मला बघून म्हणाला, “मिस्त्रीने भेग तशीच ठेवलीय साहेब, मी करून टाकतो साफ.” ओली होती म्हणून खरवडून निघाली. खाचेला आता कडेच्याच गडद रंगाचा हात दिलाय, म्हणजे पुढच्याला ती भेग वाटू नये.

फाटक त्यांनी पिवळं केलं. माझा विरोध होता, अजूनही आहे.