तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना गॉटहार्डला का नेते?

भारतातून कुणीही आलं की हा प्रश्न येतोच, "अगं, यूंगफ्राऊ, टिटलिससारखी बर्फाची शिखरं सोडून या खिंडीत कशाला आणलंस आम्हाला, इथे तर नुसते दगड आणि रस्ता!" झुरिकला राहून बरीच वर्षं झाली, दरवेळी गाडीत घाईघाईने काहीतरी सांगते, आज जरा नीट सांगते.

खरं तर मला खिंडीपेक्षा तिच्याखालची घळ दाखवायची असते. गॉटहार्ड ही आल्प्समधली खिंड, २१०६ मीटरवर, उत्तरेकडून इटलीकडे जायला ही वाट भलतीच सोयीची, कारण एकच डोंगर चढा आणि उतरा, पण कितीतरी शतकं इथून मोठा व्यापार झालाच नाही, कारण अलीकडे श्योलेनेनची घळ. रॉइस नदी दोन उभ्या कड्यांमधून अशी कोसळते की पाऊल ठेवायला जागा नाही. १३व्या शतकाच्या सुरुवातीला नदीवर लाकडी पूल बांधला गेला आणि पुढे कड्याच्या अंगाने फळ्यांची वाट केली गेली, वाल्सर लोकांनी, म्हणजे वालिस भागातून आलेल्या जर्मनभाषक डोंगरी लोकांनी केली असं मानतात, ते कड्यावरून लाकडी पाट काढून शेतात पाणी नेण्यात तरबेज होते. एक पूल आणि थोड्या फळ्या, बस, आणि वाट उघडली. १२३१ मध्ये उरीच्या, म्हणजे खिंडीच्या उत्तरेकडच्या या खोऱ्यातल्या लोकांना राजाकडून स्वातंत्र्याची सनद मिळाली, त्यामागे या वाटेचं महत्त्व होतं असं बरेच इतिहासकार म्हणतात, आणि मला ते पटतं.

आणि माल कोण न्यायचं? खोऱ्यातले शेतकरीच, खेचरं घेऊन. प्रत्येक खोऱ्याचा आपापला टप्पा ठरलेला, हद्द आली की गोदामात माल उतरवायचा आणि पुढच्या गावच्या लोकांनी तो लादायचा. एका खेचरावर साधारण दीडशे किलो. दक्षिणेकडून वाइन, तांदूळ यायचा, इकडून चीज आणि गुरं जायची. हिवाळ्यात बैल घालून बर्फ तुडवायचे, मग घसरगाड्या.

आता उर्नरलोख. १७०८ मध्ये पिएत्रो मोरेत्तिनीने त्या फळ्यांच्या वाटेऐवजी कडाच फोडला, ६४ मीटरचा बोगदा. घळीतल्या त्या पुलाला सैतानाचा पूल म्हणतात, त्यावर तुषारांनी चष्मा ओला होतो, पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग त्या अंधारात शिरायचं, आणि बाहेर पडलं की एकदम सपाट हिरवं खोरं, शांत, पुढे आंडरमाट गाव. मी दरवेळी तिथे थांबते. खेचरवाल्याला त्या जागी काय वाटत असेल ते कळतं.

१८८२ ला रेल्वे आली, १५ किलोमीटरचा बोगदा, आणि वरच्या वाटेवरचं काम बघता बघता बसलं. तो खणताना जवळपास दोनशे कामगार गेले, बहुतेक इटालियन, १८७५ मध्ये त्यांनी संप केला तर गोळीबारात चार जण मारले गेले, याचा मला अजूनही राग येतो. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये त्या बोगद्यातच कोसळून वारला, सात महिन्यांनी दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा भोकातून सगळ्यात आधी पलीकडे गेला तो एका डब्यातला त्याचा फोटो.

आता तर २०१६ पासून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा आहे, साधारण वीस मिनिटं काळोख की तुम्ही पलीकडे, मधलं काहीच दिसत नाही. म्हणून पाहुण्यांना जुन्या लाइनने नेते, जुन्या बोगद्याच्या उत्तरेच्या तोंडाशी गोशेनेनला उतरवते आणि तिथून घळीतून आंडरमाटपर्यंत चालत. बूट चांगले आणा, वाट ओली असते.